शालनचा हलवा

इंदूअक्कांनी डबा उघडला, एक दाणा चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "अर्धाच झालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काटा नुसता फुटायला लागलाय. भरलेला नाही. श्रीपादराव, असल्या बारीक दाण्याची बांगडी केली तर हातात दिसायचीसुद्धा नाही."

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होतो. एका हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्या हातात मोबाइल. शालनचं तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता.

इंदूअक्का म्हणजे शालनची थोरली बहीण. बहिणीचं कळल्यावर वाईहून धावत आल्या, आणि माझ्या खाण्यापिण्याचे हाल होतील म्हणून कराडात राहिल्या. राहिल्या म्हणजे घराचा ताबाच घेतला म्हणा ना. त्या दिवशी फडताळ आवरताना त्यांना मागच्या रांगेत हा पितळी डबा सापडला होता.

आमची केतकी त्याच वर्षी मे महिन्यात लग्न होऊन कोल्हापूरला गेली होती. पहिल्या संक्रांतीला सुनेला हलव्याचे दागिने घालायचे ते सासरच्यांनी. पण तिच्या सासूबाईंनी साखरपुड्यातच शालनला सांगून टाकलं होतं, "दागिने मात्र तुमच्या हातचे हं. आमच्याकडे कुणाच्या हलव्याला असा काटा येत नाही." शालनला कुणी असं म्हटलं की संपलंच. थंडी पडल्या पडल्या तिनं शेगडी काढली, परात घासली आणि मागच्या पडवीत बैठक मारली. पुढं एका दुपारी "छातीत जरा जड वाटतंय" म्हणाली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डब्यात होतं ते तिच्या हातचं शेवटचं काम.

"आता यंदा कसली संक्रांत, अक्का," मी म्हणालो. "केतकीच नको म्हणतेय."

"ती म्हणणारच. आई गेलीय तिची. पण पहिली संक्रांत पुढच्या वर्षी पहिली राहते का?" अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. "मीच केला असता, पण माझी ही बोटं बघा." संधिवातानं त्यांची बोटं पार वाकडी झाली होती. "तुम्ही बसा. मी सांगते तसं करा."

"मी?"

"मग कोण, छापखान्यातलं मशीन?"

माझा छापखाना होता, हे सांगायचं राहिलं. अष्टेकर प्रिंटर्स. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आमचा लग्नसराईइतकाच मोठा हंगाम. कॅलेंडरं, डायऱ्या, माघातल्या मुहूर्तांच्या पत्रिका. त्या दिवसांत मी उभ्यानं चहा प्यायचो आणि उभ्यानंच दोन घास पोटात ढकलायचो. शालन पाहुण्यांना सांगायची, "घोडे उभ्यानं झोपतात, आमचे हे उभ्यानं जेवतात." ती गेल्यावर तर मी आणखीच वेगात पळायला लागलो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर मी दोन फोन घेतले होते. लोक म्हणाले, श्रीपादरावांनी स्वतःला छान सावरलंय. सावरलं वगैरे काही नव्हतं. मला वेळ झाला नव्हता, एवढंच.

संध्याकाळी केतकीला फोन लावला.

"अक्का म्हणतात, आईनं सुरू केलेला हलवा पुरा करायचा. तुला घालायचे का दागिने?"

ती म्हणाली, "बाबा, हळदीकुंकू नको. बायका बोलवायला नकोत. मला कुणी सजवायला नको. पण आईचा हलवा असेल तर घालीन."

"आईचाच आहे."

"तिनं किती केला होता?"

"पुष्कळ," मी म्हणालो. "थोडंच राहिलंय."

मग तिच्या सासूबाईंनी फोन घेतला. मंदाकिनीबाई शब्द मोजून बोलणाऱ्या. "हे बघा, तुमच्या घरात दुखवटा आहे, तुमच्यावर कसलीच जबरदस्ती नाही. पण आई गेल्यापासून पोरगी घरात नुसती कामं करत फिरतेय. बसत नाही, रडत नाही. आईनं केलेलं काही अंगावर आलं, तर बरं होईल असं मला वाटतं."

कामं करत फिरतेय, बसत नाही, रडत नाही. माझीच पोरगी ती, दुसरं काय करणार!

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्कांनी पडवीत शेगडी पेटवली. निखाऱ्यांवर राख पसरून आच मवाळ केली, परात ठेवली आणि मला पाटावर बसवलं. चांगला थंड वारा सुटला होता. अक्कांच्या अंगावर शाल, कानाला मफलर आणि तोंडात सूचना.

"हा चमचा. एवढाच पाक घालायचा. सगळ्या दाण्यांना लागला पाहिजे. मग बोटांनी फिरवत राहायचं. दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. कोरडे झाले की पुढचा चमचा."

"असे किती चमचे?"

"मोजायचे नसतात."

"मग झाला हे कळतं कसं?"

"झाला की कळतं."

आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना 'गुरुवारी दुपारी चारला या' असं सांगत आलो होतो. असल्या उत्तरावर आमच्या धंद्यात कुणी ॲडव्हान्स दिला नसता. पण अक्कांपुढं बोलायची सोय नव्हती. मी चमचा घेतला. बोटं भाजली. हात मागं घेतला. "लगेच मागं घेतलात तर दाणे चिकटतील," म्हणून ओरडा खाल्ला. तासाभरानं बघितलं तर दाणे होते तस्सेच. मी उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि छापखान्यात पळालो.

पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. मी बसायचो, पण नुसता धडानं. मोबाइल खांदा आणि कानामध्ये धरून उजव्या हातानं हलवा फिरवायचो, डाव्या हातानं प्रुफं तपासायचो. एका पत्रिकेवर 'चि. सौ. कां.' च्या शेजारी पाकाचा थेंब पडला. अक्का बघायच्या, ओठ मिटून आत जायच्या.

चौथ्या दिवशी त्या मंडईत गेल्या होत्या. मी एकटाच. संक्रांत तोंडावर आलेली आणि काट्याची तीच गत. तेवढ्यात हणमंताचा फोन आला. हणमंत माझा फोरमन.

"मालक, पतसंस्थेचं चेअरमन आल्यात. कॅलेंडर बघून लई भडकल्यात."

"काय चुकलं? तारखा?"

"तारखा बरोबर हायत. त्यांचा फोटू फेब्रुवारीवर पडलाय."

"मग?"

"म्हणत्यात, बाकीच्या संचालकास्नी एकतीस-एकतीस दिवस भिंतीवर ठेवलंय आन् मला तेवढं अठ्ठावीस?"

मी कपाळाला हात लावणार होतो, पण हाताला पाक होता. "दे त्यांना फोन."

चेअरमन बोलू लागले. मी 'हो साहेब, नाही साहेब' करत होतो आणि मनात हिशेब मांडत होतो की त्यांना जानेवारीवर घेऊन ते पान परत छापायला किती कागद जाईल. अशात परातीकडं लक्ष गेलं. एक चमचा, मग वाट बघा. परत एक चमचा, परत वाट. छापखान्यात रंग फिका आला की आम्ही शाईचा दुसरा हात देतो, काम झटकन होतं. मी चमचा बाजूला ठेवला, पातेल्यातून पळीभर पाक घेतला आणि ओतला. लवकर वाळावा म्हणून तिथंच पडलेल्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं निखाऱ्यांना वारा घातला. निखारे फुलले. चेअरमन म्हणत होते, "अष्टेकर, प्रश्न फोटोचा नाही, मानाचा आहे." मी म्हणालो, "अगदी बरोबर, साहेब."

फोन ठेवायच्या आधीच मला वास आला. खाली बघितलं.

परातीत काटा नव्हता. कुठंच नव्हता. शालननं इतक्या सकाळी बसून फुटवलेला तो एवढासा काटा वितळून गेला होता. दाणे गुळगुळीत होऊन एकमेकांना चिकटले होते, कडेचे तर पिवळेसुद्धा पडले होते. मी फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी ते सोडवायला लागलो. बोटं भाजत होती, दाणे सुटत नव्हते, फोनमधून चेअरमन अजून "हॅलो, हॅलो" करत होते. आणि मला एकाएकी कळलं की ती गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्मशानात मी स्वतः अग्नी दिला होता, गुरुजींपुढं तिचं नाव घेऊन तर्पण केलं होतं. पण कळलं ते तेव्हा, पडवीत, त्या परातीपुढं. मी रडायला लागलो ते मला थांबताच येईना.

अक्का मागच्या दारानं आल्या. हातातली पिशवी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. आधी परात खाली उतरवली, मग फोन बंद केला, मग माझ्याशेजारी जमिनीवरच बसल्या.

"किती घातलात?"

"पळीभर."

"आणि वारापण घातलात."

मी मान हलवली. "अक्का, तिनं केलेलं सगळं गेलं हो."

मी तोंड दाबून हुंदके देत होतो.

"मोठ्यानं रडा," त्या म्हणाल्या.

"शेजारी काय म्हणतील?"

"म्हणतील, बायको गेली म्हणून रडतोय."

मग मी मोठ्यानं रडलो. अक्काही रडल्या. ती त्यांची धाकटी बहीण होती, आणि आल्यापासून माझ्या जेवणाखाण्याच्या नादात त्यांनाही कुठं वेळ मिळाला होता?

दुपारी त्यांनी वाकड्या बोटांनी एकेक दाणा सोडवला. जळालेले काढून टाकले, उरलेले परत डब्यात भरले.

"आता काय उपयोग?" मी म्हणालो. "तिला आईचा हलवा हवा होता."

"होता खरा. पण गेलेला काटा मला परत आणता येत नाही, तुम्हालाही येत नाही. पोरीला रिकाम्या अंगानं संक्रांत करू द्यायचीय का, एवढंच सांगा."

मी नाही म्हणालो.

"मग उद्या बसा. आणि ते कानाचं दुखणं इकडं द्या." माझा मोबाइल घेऊन त्यांनी तांदळाच्या डब्यात पुरला. हणमंताला निरोप गेला की मालक दहाच्या आधी यायचे नाहीत, आग लागली तर आधी पाणी मारा, मग कळवा.

त्या पहिल्या सकाळी माझी जी तगमग झाली ती काय सांगू. चमचाभर पाक घालायचो, बोटं फिरवायचो, आणि डोक्यात मशीन सुरूच. कागद आला असेल का, जानेवारीचं पान निघालं असेल का, हणमंतानं निळा परत गडद मारला असेल. बोटांचा वेग आपोआप वाढायचा. वाढला की दाणे परातीच्या कडेवर उड्या मारायचे. मग हळू. पुन्हा चमचा. पुन्हा हळू.

दुसऱ्या दिवशी आवाज ऐकू आला. दाणे ओले असताना गप्प असतात. वाळायला लागले की परातीवर बारीक खुळखुळतात. तो आवाज स्वच्छ झाला की पुढचा चमचा घालायचा. हे मला अक्कांनी सांगितलं नव्हतं. हा आवाज आमच्या घरात दर थंडीत येत असणार, आणि मी त्या वेळी दाढी करत करत गिऱ्हाइकांशी बोलत असणार. एकदा मी शालनला विचारलंही होतं, "कंटाळा कसा येत नाही गं तुला?" ती म्हणाली, "बसून बघा एकदा." मला वाटलं, टोमणा मारतेय.

बसल्यावर हळूहळू एकेक गोष्ट आठवायला लागली. त्या दुपारी छातीत जड वाटतंय म्हणायच्या आधी तिनं मला काय विचारलं होतं, ते आठवलं. "संध्याकाळी लवकर याल का, पेरू आणलेत," एवढंच. ती पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावायची. मानेवरचे केस मनगटानं मागं सारायची, कारण बोटांना पाक असायचा. मी आता तसंच मनगटानं कपाळ पुसत होतो. रडू यायचं, पण हात थांबवता येत नव्हता, म्हणून हात चालू ठेवून रडायचं. मग तेही थांबायचं. नंतर नंतर तर डोक्यात काहीच नसायचं. दाणे, बोटं, आच. ऊन पायरीवरून पडवीत कधी आलं ते कळायचं नाही. अक्का चहा आणून ठेवायच्या तो गार व्हायचा. आयुष्यात पहिल्यांदा माझा चहा मी बसलेला असताना गार होत होता.

तेव्हा मला वाटायला लागलं, शालन इथं बसायची ती नुसती हलव्यासाठी नव्हे. माझं घर, माझे फोन, माझी धावपळ, या सगळ्यातनं तिनं स्वतःपुरती एवढी जागा काढली होती. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. छापखानाही मी केव्हाच हणमंताच्या हवाली केला. पण थंडी पडली की मी अजून तिथं बसतो, दागिने कुणाला लागोत न लागोत.

एका सकाळी चिमटीत दाणा धरला तो बोटाला टोचला. मी इतक्या जोरात हाक मारली की अक्का हातात लाटणं घेऊनच धावल्या. त्यांनी दाणा उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितलं.

"आलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखाच आलाय, जाडाभरडा. पण आलाय."

मग दागिने. हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, जावयाला हार आणि नारळ. अक्का सांगायच्या आणि मी ओवायचो. पदकांसाठी पुठ्ठा मी कापला, तेवढं एक काम मला चांगलं येत होतं. त्यावर सोनेरी कागद चिकटवला. सगळं होऊन ताटात मांडलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "शालननं बघितलं असतं तर हसून हसून लोळली असती." आणि डोळे पुसत आत गेल्या.

संक्रांतीला मी कोल्हापूरला गेलो. दुखवट्यातला माणूस, म्हणून बाहेरच्या खोलीत बसणार होतो, पण मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आत या. बाप आहात तुम्ही तिचे." घरात माणसं घरचीच. केतकी काळी चंद्रकळा नेसून पाटावर बसली. चेहरा अगदी कोरडा. सासूबाईंनी एकेक दागिना घातला, जावयाच्या गळ्यात हार घातला, दोघांना ओवाळलं. सगळं पाच-दहा मिनिटांत उरकलं. मग त्या जावयाला घेऊन आपणहून आत निघून गेल्या आणि खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

केतकीनं पाटावरून उठून गळ्यातल्या हारावरून बोट फिरवलं.

"बाबा, हा काटा आईचा नाही."

तिनं हार जरा उचलून धरला.

"आईचा बारीक असतो. नाजूक. हा टोचतोय."

"नाही तिचा," मी म्हणालो. "तिचा होता तो माझ्या हातून वितळला. पाक जास्त झाला, आच जास्त झाली. हा मी केलाय."

"तुम्ही?" तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही बसलात?"

"बसलो."

माझी बोटं तिनं हातात घेऊन उलटी केली. टोकांना भाजल्याच्या खुणा होत्या. पण तिचा चेहरा तसाच राहिला, आणि मला वाटलं, संपलं. तिला जे हवं होतं ते मी जाळून बसलो आणि त्याच्या जागी आपलं जाडंभरडं काहीतरी घेऊन आलो.

तिनं बांगडीच्या टोकाचा एक दाणा सोडवून तोंडात टाकला. चावला नाही. लहानपणी शालन तिला चावू द्यायची नाही, गालात धरून ठेवायला लावायची. केतकी डोळे मिटून उभी राहिली. मीही उभा राहिलो. बोलायची घाई वाटत नव्हती. शेजारच्या घरातून पोरांचा तिळगुळाचा गलका येत होता.

बऱ्याच वेळानं तिचा गाल हलायचा थांबला.

"बाबा, तुम्ही पाकात वेलची घातली होती?"

"नाही गं. साधाच पाक. अक्का म्हणाल्या साधाच घाला."

"वेलची लागतेय. आई घालायची पाकात."

"आम्ही वेलची घातलीच नव्हती, केतू."

तिनं डोळे उघडले. ते भरून आले होते, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं ते वाहू दिले.

"आधी तुम्ही होतात," ती म्हणाली. "तुम्ही संपलात. आता आई आलीय."

तिनं बांगडीचा आणखी एक दाणा सोडवून माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला, आणि दात न लावता वाट बघत उभा राहिलो.